ओळ मोडून बघा

‘या ओळीत उपमा अलंकार आहे. त्यामुळे कवितेला सौंदर्य प्राप्त झाले आहे.’

जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. ही दोन वाक्यं किती उत्तरपत्रिकांत वाचली असतील, याचा हिशेब नाही. मुलांचा त्यात दोष नव्हता. अलंकारांचा तक्ता आम्हीच त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. ‘जसा, सारखा, परी’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ओळखायला सगळेच शिकले. पण ओळखून झाल्यावर पुढे काय, हे कुणाला ठाऊक नसायचं. आणि रसग्रहण तर तिथूनच सुरू होतं.

‘अलंकार’ या शब्दानेच थोडी फसगत होते असं मला वाटतं. दागिना उतरवून ठेवला तरी माणूस तोच राहतो. चांगल्या कवितेत मात्र उपमा काढली तर अर्थच निघून जातो. हे मुलांना दाखवायचं कसं, याचा शोध घेताना मला एक साधी रीत सापडली. दहावीच्या मुलांबरोबर वापरली, नंतर वाचनकट्ट्यावर येणाऱ्या मोठ्या माणसांबरोबरही वापरली. तीच इथे सांगते.

आधी कविता मोठ्याने वाचा, दोनदा. मग हाताने वहीत उतरवून घ्या. फोटो काढू नका, झेरॉक्सही नको. उतरवताना हात जिथे अडखळतो तिथेच बहुधा कवीने काहीतरी केलेलं असतं. ओळी एक सोडून एक लिहा, मधली जागा तुमच्यासाठी.

त्या मधल्या जागेत ओळ मोडायची. म्हणजे कवीने जे सांगितलं तेच आपण साध्या वाक्यात, अलंकार काढून लिहायचं. आणि मग स्वतःला विचारायचं: काय गेलं?

बहिणाबाई चौधरींच्या ओळी घेऊ. आमच्याच भागातल्या त्या, असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गात गेल्या आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, म्हणून आज आपल्याला मिळतं. १९५१ मध्ये त्या गेल्या, गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं.

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तंव्हा मियते भाकर

मोडा. बहुतेक जण लिहितात, ‘संसारात सुख आणि दुःख दोन्ही असतात.’ आता दोन्ही शेजारी ठेवा. काय गेलं? तवा गेला, चूल गेली, हे सगळ्यांना दिसतं. पण नीट बघितलं तर ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ हे दोन शब्द गेले. बहिणाबाई सुख-दुःख दोन्ही असतं असं म्हणतच नाहीत. त्या क्रम सांगतात. चटका आधी, भाकर नंतर, आणि चटक्याशिवाय भाकर नाही. ‘आणि’ने जोडलेल्या आपल्या वाक्यात हा क्रम सपाट होऊन गेला. म्हणजे या उपमेचं काम चित्र दाखवून संपत नाही, ती अर्थाला काळाची दिशा देते. एवढं एक वाक्य उत्तरात आलं तरी ते रसग्रहण झालं.

दुसरी गोष्ट, उपमान, म्हणजे ज्याची उपमा दिली आहे ते, प्रत्यक्ष बघून या. तक्त्यात उपमेचे चार भाग असतात: उपमेय, उपमान, दोघांतला समान धर्म आणि ‘जसा’सारखा शब्द. मुलं चौघांनाही नावं देतात, पण उपमानाकडे कुणी वळून बघत नाही. मी वर्गात विचारलं, भाकरी करताना चटका कुठे लागतो? मुलगे म्हणाले, तव्याला हात लागून. रोज सकाळी घरची भाकरी करून शाळेत येणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, तव्याचा नाही, वाफेचा. भाकर फुगते ना, ती फुटली की वाफ हातावर येते.’ वर्गात एकदम शांतता झाली. कारण आता ओळ आणखी उघडली होती. भाकर चांगली फुगली म्हणजेच ती वाफ भरते. चटका आणि भाकर वेगवेगळ्या ठिकाणाहून येत नाहीत. मी इतकी वर्षं ती कविता शिकवत होते, पण हे मला त्या मुलीने सांगितलं.

म्हणून सांगते, उपमान ज्या कामातलं असेल ते काम करणाऱ्या माणसाला विचारा. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ या ओळीतलं ‘वढाय’ म्हणजे ओढाळ. शहरातली मुलं ओढाळचा अर्थ ‘चंचल’ असा लिहून मोकळी होतात. गुराख्याला विचारा. ओढाळ ढोर म्हणजे एकदा हिरव्या पिकाची चव लागलेलं ढोर. कळपात ठेवा, हाकलून लावा, ते पुन्हा त्याच शेताकडे जाणार. म्हणून तर त्याच्या गळ्यात लोढणं बांधतात. तेव्हा मन नुसतं चंचल नाही. त्याला कुठे जायचं ते पक्कं माहीत आहे. चंचल आणि ओढाळ यांत केवढा फरक आहे! आणि पीक ‘उभं’ आहे, म्हणजे कापणी झालेली नाही, नुकसान आत्ता होतंय. पुढच्या दोन ओळी वाचा:

किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

इथे शब्द दोनदा का येतो? वढाय वढाय, हाकला हाकला. एक ‘हाकला’ काढून मोठ्याने म्हणून बघा. हाकलणं एकदाच होतं आणि संपतं. दोनदा म्हटलं की ढोर परत आल्याचं कानालाच कळतं. याच गाण्यात पुढे ‘मन पाखरू पाखरू’ आहे आणि तिथे ‘गेलं गेलं आभायात’ असं येतं. तिथली द्विरुक्ती वेगळं काम करते. उडणाऱ्या पाखराकडे बोट दाखवून आपण म्हणतोच ना, ‘गेलं, गेलं!’ तोच उद्गार आहे तो. म्हणून ‘द्विरुक्तीमुळे नाद निर्माण झाला’ असं सरसकट लिहू नका. प्रत्येक जागी ती काय करते ते वेगळं विचारा.

इथेच आणखी एक बघून घ्या. संसाराच्या ओळीत ‘जसा’ आहे, मनाच्या ओळीत नाही. पहिली उपमा, दुसरं रूपक, एवढं तक्ता सांगतो. आपण ‘जसं’ घालून बघू: ‘मन वढाय, जसं पिकातलं ढोर’. लगेच बोलणारी बाई दोन पावलं मागे सरकते, तुलना करत उभी राहते. ‘जसं’ नसताना ती शेताच्या बांधावर असते, हातात काठी, आणि ढोर समोर. संसाराबद्दल चार गोष्टी समजावून सांगता येतात, मनाच्या मागे मात्र धावावं लागतं. हा माझा अर्थ आहे, तुम्हाला दुसरा सुचला तर तोही मांडा. फक्त तो त्या एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर उभा असू द्या.

आणि बोली सुधारू नका. ‘मियते’चं ‘मिळते’ केलं तर शब्दकोशातला अर्थ जाणार नाही, पण चटका कुणाच्या हाताला बसला ते पुसलं जाईल.

काही वेळा सगळं काम उपमान करतं आणि ते आपल्या डोक्यावरच असतं. आमच्या जुन्या घराच्या लाकडी वाशांना भुंग्यांनी गोल भोकं पाडलेली होती. उन्हाळ्यात खाली ओसरीवर पिवळा भुसा पडायचा. आई झाडता झाडता वैतागायची. खूप वर्षांनी ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय शिकवताना या ओव्यांपाशी थांबले:

जैसा भ्रमर भेदी कोडें। भलतैसें काष्ठ कोरडें।
परि कळिकेमाजी सांपडे। कोंवळिये॥

तेथ उत्तीर्ण होईल प्राणें। परि तें कमळदळ चिरूं नेणें।
तैसें कठिण कोवळेपणें। स्नेह देखा॥

वाळलेलं कसलंही लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कळीत अडकतो. जीव जाईल, पण पाकळी चिरणार नाही. हा अर्जुन आहे. शंकराशी लढलेला, आणि आता समोर आपली माणसं पाहून हातपाय गळालेला. मोडा: ‘अर्जुन मोहात सापडला.’ काय गेलं? त्याची ताकद गेली. साध्या वाक्यातला अर्जुन दुबळा वाटतो, ओवीतल्या अर्जुनात लाकूड पोखरण्याचं बळ तसंच शाबूत आहे. ‘नेणें’ या शब्दावर बोट ठेवा. चिरता येत नाही असं नाही, चिरणं त्याला माहीतच नाही. आणि शेवटी ‘कठिण कोवळेपणें’. कोवळेपणामुळेच कठीण. पाठ्यपुस्तकात याला विरोधाभास म्हणतात. पण वाशाची भोकं आणि तो भुसा ज्याने पाहिलाय त्याला हा आभास वाटत नाही, अगदी खरी गोष्ट वाटते.

मोठ्या अलंकारांच्या नादात बारीक अव्ययं निसटतात, म्हणून एक उदाहरण त्यांचं. तुकोबांचा अभंग:

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें।
शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं॥

‘च’ काढा. ‘शब्दांची रत्ने, शब्दांची शस्त्रे.’ म्हणजे घरात दुसरी रत्नंही असतील, त्यांत ही एक. ‘च’ आला की घर रिकामं होतं. दुसरं काहीच नाही, फक्त शब्द. एका अक्षरात गरिबीही आली आणि ताठ मानही आली. पुढे ‘शब्दें वांटूं धन जनलोकां’ अशी ओळ येते. ‘धन’ पुन्हा आलं. पहिल्यांदा ते घरात होतं, आता वाटायला बाहेर निघालं. एखादा महत्त्वाचा शब्द कवितेत परत आला तर दोन्ही जागांना खूण करा आणि मधल्या वेळात त्याचं काय झालं ते बघा. माझ्या अनुभवात अलंकारांच्या यादीपेक्षा या एका सवयीने जास्त अर्थ हाती लागतो.

गद्यातही हेच करायचं. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या, १८८३ च्या, या ओळी भिंतींवर रंगवलेल्या आपण रोज बघतो:

विद्येविना मति गेली. मतिविना नीति गेली. नीतिविना गति गेली. गतिविना वित्त गेले. वित्ताविना शूद्र खचले. इतके अनर्थ एका अविद्येने केले.

मोडून लिहिलं तर होतं, ‘शिक्षण नसल्यामुळे शूद्र गरीब राहिले.’ सहमत व्हावं आणि पुढे जावं असं वाक्य. मूळ वाक्यात पुढे जाताच येत नाही. कारण प्रत्येक पायरीवर जे गेलं, त्यानेच पुढची पायरी सुरू होते. मति, मतिविना. नीति, नीतिविना. एक कडी दुसरीत अडकलेली. काव्यशास्त्रात याला कारणमाला असं नाव आहे. ही साखळी म्हणजेच फुल्यांचा युक्तिवाद आहे. गरिबी नशिबाने आली नाही, पायरीपायरीने आली, आणि प्रत्येक पायरीला कारण आहे.

आता क्रियापदं बघा. गेली, गेली, गेली, गेले. चारदा तेच. मग अचानक ‘खचले’. माणसांच्या बाबतीत ‘गेले’ चाललं नसतं. खचते ती भिंत, खचते ती विहीर. आतून, खालून माती निघून जाते आणि मग वरचं बांधकाम बसतं. चार गोष्टी निघून गेल्या म्हणून वरचा माणूस खचला, हे सगळं त्या एका क्रियापदात साठलंय. तिथे ‘जसा’ नाही, ‘जणू’ नाही, तरी रूपक आहेच. क्रियापदात लपलेली अशी रूपकं शोधायची सवय लावा. आणि शेवटचं ‘केले’. तोपर्यंत सगळं आपोआप ‘जात’ होतं. शेवटच्या वाक्यात पहिल्यांदा करणारा सापडतो: अविद्या. ‘विद्ये’ने सुरू झालेलं वाक्य ‘अविद्ये’शी येऊन आरोपीकडे बोट दाखवतं.

मांडणीचा क्रम हेसुद्धा अर्थ सांगायचं साधन आहे. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता त्यासाठी मी दरवर्षी घ्यायचे. बालकवी १८९० मध्ये आमच्या जिल्ह्यात, धरणगावला जन्मले आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनवर रेल्वे अपघातात गेले. भुसावळहून जळगावला येताना ते स्टेशन लागतं. गाडी तिथून जाते तेव्हा माझ्या मनात अजूनही ‘ऐल तटावर पैल तटावर’ सुरू होतं.

या कवितेची वही करताना दोन रकाने आखा. एकात रंग लिहा, दुसऱ्यात क्रियापदं. रंगांचा रकाना असा भरतो: हिरवाळी, निळा सावळा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवं कुरण, काळा डोह, गोड काळिमा. नुसता रकाना वरून खाली वाचला तरी उजेडातून सावलीकडे चालत गेल्यासारखं होतं. क्रियापदांचा रकाना: झरा वाहतो, पायवाट अडवीतिडवी पडते, कुरणातून डोहाकडे चालते, काळिमा लाटांवर पसरतो. सगळं हलतंय. पायवाटसुद्धा चालतेय. आणि मग शेवटची ओळ:

पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

आठ ओळींत बसलेला एकटा तोच. ‘झाडाला माणसाचे गुण दिले म्हणून चेतनगुणोक्ती’ हे बरोबर आहे, पण हे चेतन झाड शेवटच्याच ओळीत का, याचं उत्तर क्रियापदांचा रकाना देतो. आधीच्या सगळ्या हालचालीमुळे त्या ‘बसला’ला वजन येतं. शेवटची ओळ पहिली आणून कविता वाचून बघा. झाड उरतं, बसणं जातं.

एका वर्षी एका मुलाने ठासून सांगितलं, ‘काळा डोह म्हणजे मृत्यू.’ मी विचारलं, ‘कवितेत दाखव.’ त्याने ‘काळ्या’वर बोट ठेवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मग काळिमा गोड कसा?’ त्या तासाला आम्ही त्या ‘गोड’पाशीच थांबलो. काळिमा हा शब्द मराठीत बहुतेक वाईट अर्थानेच येतो, काळिमा फासतात. बालकवींनी त्याच्याआधी ‘गोड’ लावलं आणि डोहाचं भय अर्धं काढून घेतलं. अर्धंच. उरलेलं अर्धं तिथेच आहे. औदुंबर उदास बसलाय की निवांत, हे कविता सांगत नाही. दत्ताचं झाड म्हणून कुणाला तो विरक्त योगी वाटतो. मला तो दमून पाय गार करत बसलेला वाटतो. दोन्ही वाचनं त्या ‘गोड काळिम्या’त मावतात. ‘सगळं संपलं’ असं वाचन मावत नाही, कारण ‘गोड’ आड येतो.

म्हणून नियम एकच ठेवा: जो अर्थ सांगाल त्याच्यासाठी कवितेतल्या शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे, आणि दुसरा कुठला शब्द त्याला अडवत नाही ना तेही तपासलं पाहिजे. कवीचं आयुष्य पुरावा म्हणून आणू नका. बालकवी अपघातात गेले हे कळल्यावर डोह आणखी काळा दिसायला लागतो, मलाही दिसतो. पण कविता लिहिताना त्यांना ते माहीत नव्हतं. पांढरा म्हणजे शांती, काळा म्हणजे दुःख असे गाईडमधले कोष्टकही बाजूला ठेवा. पायवाट पांढरी आहे कारण हिरवळीतून माणसं चालून चालून माती उघडी पडली आहे. कधी कधी रंग तेवढंच सांगतो, आणि तेवढं पुरेसं असतं.

लिहिताना काय करायचं? परीक्षेत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे करावे लागतात, ते करा. पण प्रत्येक कप्प्यात ‘आहे’ने संपणारी वाक्यं कमी करा. ‘उपमा आहे, यमक आहे, नाद आहे’ ही हजेरी झाली. त्याऐवजी अलंकाराला कर्ता करा आणि त्याला क्रियापद द्या. उपमा क्रम दाखवते. द्विरुक्ती ढोराला परत आणते. ‘च’ घर रिकामं करतो. असं क्रियापद सुचत नसेल तर अजून ओळ नीट मोडलेली नाही असं समजा आणि वहीकडे परत जा. पुन्हा मोडूनही काहीच जात नसेल तर तसं स्पष्ट लिहायला घाबरू नका. साध्या ओळीही असतात. यमक जुळवायला आणलेले शब्दही असतात, मोठ्या कवींच्यासुद्धा.

सराव करायचा असेल तर आज रात्रीच करा. स्वयंपाकघरातून खसखशीचा एक दाणा घ्या. एकच घ्यायचा, चिमूटभर नाही. तळहातावर ठेवा आणि बहिणाबाईंच्या मनाच्या गाण्यातल्या या ओळी मोठ्याने म्हणा:

मन एवढं एवढं
जसा खाकसचा दाना
मन केवढं केवढं
आभायात बी मायेना

खाकस म्हणजे खसखस, मायेना म्हणजे मावेना. पहिल्या दोन ओळींत ‘जसा’ आहे, पुढच्या दोन ओळींत तो शब्द का आला नसेल? ‘एवढं’ म्हणताना तुमच्या हाताची बोटं काय करतात आणि ‘केवढं’ म्हणताना काय करतात? वहीत ओळी उतरवा, मध्ये जागा सोडा, आणि मोडायला घ्या.